किलोंमध्ये मोजलेला उशीर

वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अधूनमधून एक बातमी येते आणि ती बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. अमुक तालुक्यातील एका महिलेच्या पोटातून आठ, दहा, क्वचित पंधरा किलो वजनाची गाठ काढण्यात डॉक्टरांना यश आले. शस्त्रक्रिया इतके तास चालली. रुग्णाची प्रकृती आता उत्तम आहे. सोबत छायाचित्र असते. त्यात हिरव्या अंगरख्यातील डॉक्टर असतात, मध्ये तबकात ठेवलेली गाठ असते. जिच्या पोटात ती वाढली ती बाई मात्र बहुधा नसते. वाचक क्षणभर अचंबा करतो, डॉक्टरांचे मनोमन कौतुक करतो आणि पान उलटतो.

हे कौतुक अनाठायी नाही. परंतु ज्या आकड्यामुळे ही घटना बातमी ठरली, त्या आकड्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. दहा किलोंची गाठ एका रात्रीत वाढली काय? ती अर्ध्या किलोची होती तेव्हा ही बाई कोणाकडे गेली होती? गेली असल्यास तिच्या पोटाला कोणी हात लावून पाहिले होते काय? बातमीतले किलो हे वस्तुतः उशिराचे माप आहे. अहिल्यानगरसारख्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरसारख्या, विस्तीर्ण जिल्ह्याने तरी त्याकडे त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

सौम्य, पण निरुपद्रवी नव्हे

प्रथम या गाठींचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल. पोटातील अवाढव्य गाठींपैकी पुष्कळशा कर्करोगाच्या नसतात. वैद्यकाच्या भाषेत त्या ‘सौम्य’ असतात. म्हणजे त्या शेजारच्या अवयवांत मुळे रोवीत नाहीत आणि रक्तावाटे शरीरात इतरत्र पसरत नाहीत. सर्वांत मोठ्या आकाराला पोहोचणाऱ्या गाठींत अंडाशयाच्या म्युसिनस सिस्टॅडिनोमा या गाठीचा क्रम वरचा लागतो. ही एक प्रकारची पिशवी असते. तिच्यात अनेक कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत बुळबुळीत, दाट द्रव साठत जातो. गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठी पुष्कळ स्त्रियांत आढळतात. मात्र त्या क्वचितच संपूर्ण पोट व्यापण्याइतक्या वाढतात. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातील द्रवगाठी, पोटाच्या मागच्या भिंतीलगत वाढणाऱ्या चरबीच्या गाठी हे प्रकार त्याहूनही दुर्मिळ आहेत आणि ते पुरुषांत व मुलांतही आढळतात. अमुक एक गाठ खरोखरच सौम्य आहे की नाही, याचा अखेरचा निर्णय ती काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. चरबीच्या गाठीबाबत तर ही सावधगिरी विशेष आवश्यक असते, कारण त्या जागी तिच्यासारखीच दिसणारी कर्करोगाची गाठही असू शकते.

या गाठी इतक्या का वाढतात, याचे उत्तर त्यांच्या सौम्यपणातच आहे. कर्करोग बहुधा काही काळानंतर स्वतःची चाहूल देतो. रुग्ण खंगतो, भूक मरते, वेदना सुरू होतात आणि घरचे लोक धावपळ करतात. सौम्य गाठ बराच काळ दुखत नाही. पोटाची भिंत ताणली जाते आणि वाढणाऱ्या गाठीला जागा करून देते. 1991 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात एका स्त्रीच्या अंडाशयाची 303 पौंडांची, म्हणजे सुमारे 137 किलो वजनाची गाठ अखंड काढण्यात आली. संपन्न देशातही असे घडू शकते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. रुग्णालय जवळ असणे आणि रुग्णाने तेथे पोहोचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मात्र सौम्य म्हणजे निरुपद्रवी असे समजणे ही घोडचूक ठरेल. गाठ वरच्या बाजूने श्वासपटलाला रेटते, त्यामुळे उताणे झोपले की धाप लागते. जठराला जागा उरत नाही, म्हणून दोन घास खाल्ले की पोट भरते. पोट वाढत जाते आणि हातपाय मात्र काटकुळे होतात. मूत्राशय दाबले जाते. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबली गेल्याने पायांवर सूज येते, तेथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात जाऊन अडकली तर प्राणावर बेतते. अंडाशयाच्या गाठीला कधी पीळ पडतो आणि तोवर शांत असलेले दुखणे काही तासांत आणीबाणीचे होते.

हाताने केलेले निदान

अशा गाठीवरील शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. 1809 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात इफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांना एका स्त्रीला तपासण्यासाठी दूरच्या वस्तीवर बोलावण्यात आले. जेन क्रॉफर्ड हे तिचे नाव. दिवस उलटून गेले तरी प्रसूती होत नाही, पोटात बहुधा जुळे असावे, अशी सर्वांची समजूत होती. मॅकडॉवेल यांनी हाताने तपासले आणि गर्भाशय रिकामे असल्याचे ओळखले. पोटात मूल नसून अंडाशयाची गाठ आहे आणि पोट उघडून ती काढण्याचा प्रयत्न आजवर यशस्वी झाल्याचे आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांनी तिला स्पष्टपणे सांगितले. तरीही ती बाई तयार झाली आणि ऐन थंडीत सुमारे साठ मैलांचा प्रवास घोड्यावरून करून डॅनव्हिल गावी पोहोचली. नाताळच्या दिवशी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. इथरची भूल जगापुढे यावयास अजून 37 वर्षांचा अवकाश होता. जंतूंचे ज्ञान तर त्याहून दूर होते. पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांची गाठ बाहेर आली. पाचव्या दिवशी ती आपले अंथरूण स्वतः आवरताना दिसली आणि पुढे 32 वर्षे जगली.

ही कथा शल्यचिकित्सेच्या ग्रंथांतून धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातला दुसरा भाग आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. मॅकडॉवेल यांच्यापाशी सोनोग्राफीचे यंत्र नव्हते, रक्ताच्या चाचण्या नव्हत्या. त्यांच्यापाशी शिकलेला हात होता आणि तो हात रुग्णाच्या घरापर्यंत गेला होता. निदान त्या हाताने केले; सुरी नंतर आली. आज आपल्याकडे यंत्रे आहेत, भूल आहे, रक्तपेढ्या आहेत. तो पहिला हात मात्र वेळेवर पोहोचत नाही.

उशिराची किंमत टेबलावर

उशिराची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर कशी मोजावी लागते, हे बातम्यांतून कळत नाही. अंडाशयाची सौम्य गाठ लहान असताना सापडली, तर ती पुष्कळदा दुर्बिणीतून काढता येते, अंडाशयाचा निरोगी भाग राखता येतो आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाते. तीच गाठ छातीपर्यंत पोहोचल्यावर पोट बहुधा वरपासून खालपर्यंत उघडावे लागते आणि अंडाशय वाचविणे अवघड होऊन बसते. फायब्रॉइडचे तसेच आहे. वेळेवर कळले तर नुसत्या गाठी काढून गर्भाशय राखण्याचा विचार करता येतो, उशिरा कळले तर तो पर्याय आक्रसत जातो. विशीतल्या मुलीच्या बाबतीत हा फरक तिच्या साऱ्या आयुष्याचा फरक असतो.

मोठ्या गाठीची शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञाचीही कसोटी पाहते. अशा रुग्णाला उताणे झोपविणे हेच मुळी धोक्याचे असते. गाठीच्या भाराने मोठी शीर दाबून रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून टेबल डावीकडे कलते ठेवावे लागते. गाठ निघताच आणखी एक धोका उभा राहतो. इतके दिवस दाबलेल्या रक्तवाहिन्या अचानक मोकळ्या होतात, रक्त पोटात साचून राहते आणि रक्तदाब पुन्हा खाली येतो. दडपलेली फुफ्फुसे एकाएकी फुलल्याने त्यांत पाणी भरण्याचा संभव असतो. मूत्रवाहिन्या व आतडी आपल्या नेहमीच्या जागा सोडून भलतीकडे सरकलेली असतात, त्यांना इजा होऊ द्यावयाची नसते. पिशवी फुटून तिच्यातला द्रव पोटात सांडू द्यावयाचा नसतो. रक्ताच्या पिशव्या तयार लागतात, नंतर अतिदक्षता कक्ष लागतो. म्हणजे ज्या आजारावर तालुक्याच्या ठिकाणी उपचार होण्यासारखा होता, त्यासाठी आता मोठ्या रुग्णालयाची सारी यंत्रणा कामाला लावावी लागते. हे काम यशस्वी करणाऱ्यांचा गौरव जरूर व्हावा. पण इतके मोठे शौर्य गाजविण्याची वेळ त्यांच्यावर का यावी, हेही विचारले पाहिजे.

नकाशा आणि मन

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा विस्तार, चौदा तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाखांवर लोकवस्ती. पश्चिमेला अकोल्याचा डोंगराळ, आदिवासी मुलूख. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला ऊसपट्टा. दक्षिणेला व पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जतचा अवर्षणप्रवण टापू. वैद्यकीय सोयींच्या बाबतीत हा जिल्हा अगदीच कोरडा आहे असे म्हणता येणार नाही. लोणी येथे 1984 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात दुसरे आहे, नगर शहरात जिल्हा रुग्णालय आहे आणि साल्व्हेशन आर्मीचे बूथ रुग्णालय कित्येक दशके सेवा देत आहे. परंतु अकोल्याच्या घाटाखालच्या पाड्यावरून नगर शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडते, आणि बाईच्या दृष्टीने ते अंतर एसटीच्या तिकिटापुरते नसते. बुडालेली मजुरी, गोठ्यातली जनावरे, सोबतीला येणारे माणूस, मुलांचा सांभाळ हे सारे त्या अंतरात मोजावे लागते.

दुसरे अंतर मनाचे आहे. पोट वाढू लागले की विवाहितेबाबत दिवस गेल्याचा तर्क होतो. चाळिशी उलटलेल्या बाईबाबत ‘अंग सुटले’ म्हणून विषय संपतो. कोणी वाताचा गोळा म्हणतो, कोणी जलोदर. अविवाहित मुलगी किंवा विधवा असेल तर प्रश्नच वेगळा होतो. लोक काय म्हणतील या भीतीने सैल कपड्यांआड पोट झाकले जाते आणि तपासणी नेमकी तेथेच टळते, जेथे ती सर्वांत निकडीची असते. त्यात ‘चाकू लावला की गाठ बिघडते’ ही जुनी समजूत आहेच. शिवाय पुरुष डॉक्टरपुढे पोट उघडे करण्याचा संकोच आहे. 1882 साली पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांची निकड निक्षून मांडली होती. 1886 साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले ते याच गरजेपोटी. त्यानंतर इतक्या पिढ्या गेल्या, तरी आडगावच्या बाईपुरता हा प्रश्न मिटला आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

एका टापूतल्या दोन तऱ्हा

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. नगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे जे सर्वेक्षण आले, त्यात सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. उचल घेऊन बांधले गेलेले कोयते, खाडा पडला की कापला जाणारा दंड, पाण्याची व शौचालयाची सोय नसलेली पाले, आणि पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून दिलेला कायमचा ‘इलाज’, असे ते चित्र होते. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. हे ऊसतोड मजूर जसे बीडचे असतात तसेच पाथर्डी-शेवगावचेही असतात, आणि सहकारी साखर कारखानदारीचा पाया 1950-51 च्या सुमारास ज्या प्रवराकाठी घातला गेला, तेथील फडांतही त्यांचे कोयते चालतात. तेव्हा हा दुसऱ्या जिल्ह्याचा प्रश्न म्हणून हात झटकता येणार नाहीत.

एकाच टापूत एका बाईचे निरोगी गर्भाशय घाईने काढले जाते आणि दुसरीच्या पोटातली दहा किलोंची गाठ कोणी पाहत नाही. वरवर या दोन परस्परविरुद्ध गोष्टी वाटतात. वास्तविक त्यांचे मूळ एकच आहे. दोघींनाही नीट, शांतपणे, विश्वासाने तपासणारे माणूस भेटले नाही. म्हणूनच ‘शस्त्रक्रिया वाढवा’ किंवा ‘शस्त्रक्रियांना आवर घाला’ यांपैकी कोणतीही एक घोषणा येथे पुरी पडणार नाही. योग्य शस्त्रक्रिया योग्य वेळी व्हावयाची तर आधी योग्य तपासणी व्हावी लागते.

जामखेडचा धडा

ही तपासणी कोणी करावयाची, याचे उत्तर शोधण्यासाठी नगर जिल्ह्याने फार दूर जाण्याचे कारण नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर व दलित समाजातल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गरोदर बाईची काळजी, बाळंतपण, मुलांचे पोषण, कुष्ठरोग व क्षयाची पहिली लक्षणे या गोष्टी त्या शिकल्या आणि त्यांनी आपापल्या गावात करून दाखविल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकावयास येऊ लागले. अक्षरओळख नसलेल्या बाईचा हातही शिकविला तर वैद्यकाचा पहिला हात होऊ शकतो, हे जामखेडने सिद्ध केले. जे जगाने शिकून घेतले ते आपल्या जिल्ह्याच्या इतर तालुक्यांनी विसरून चालणार नाही.

2005 नंतर गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या. त्यांचे काम मोठे आहे आणि त्या मानाने त्यांचे मानधन तुटपुंजे आहे. पण त्यांच्या नोंदवह्यांचा भर गरोदर माता आणि बालक यांवर आहे. मुले मोठी झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली की बाई आरोग्ययंत्रणेच्या नजरेतून जवळपास उतरते. अवाढव्य गाठी वाढतात त्या याच सावलीत. अलीकडे तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब, मधुमेह, तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. त्यात एक साधी भर घालता येईल. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी बाई झोपलेली असतेच. त्याच वेळी परिचारिकेने पोटावरून हात फिरवून पाहावे, आणि घट्टपणा किंवा फुगवटा लागला तर चिठ्ठी देऊन सोनोग्राफीसाठी पाठवावे. याला नवे यंत्र लागत नाही. थोडे प्रशिक्षण, दोन मिनिटे आणि एक आडपडदा एवढे पुरते. चिठ्ठी दिलेली बाई खरोखर तालुक्याला पोहोचली की नाही, याची विचारपूस आशाने करावी आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा.

प्रत्येक सुटलेल्या पोटात गाठ असते असा बभ्रा होऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. भीती पसरली की तिच्यावर पोट भरणारेही निर्माण होतात, हे बीडने दाखविले आहे. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, आणि गर्भाशय काढण्यापूर्वी तर हटकून, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क बाईला समजावून सांगितला पाहिजे. खर्चाचा धाकही पूर्वीइतका उरलेला नाही. 2012 साली आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा फुले यांचे नाव धारण करणारी जनआरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांचा भार उचलते. योजनेतील रुग्णालयांत त्यासाठी आरोग्यमित्र नेमलेले असतात. ही माहिती शहरातल्या फलकावर असते. वाडीवरच्या बाईपर्यंत ती कोणीतरी तोंडी पोहोचवावी लागते.

शिकलेल्यांचे काम

हे काम शासनाचे आहेच. पण ते केवळ शासनाचे नाही. या जिल्ह्यातील गावोगावचे शिक्षक, ग्रामपंचायतीतले व बँकेतले कर्मचारी, सुटीत घरी येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्याकडे लोक आजही अर्ज लिहून घ्यावयास, कागद वाचून घ्यावयास येतात. त्यांनी चार साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्या. काही महिन्यांत पोट वाढत असेल आणि हातपाय वाळत असतील. थोडे खाल्ले तरी पोट भरत असेल. झोपल्यावर धाप लागत असेल. अंगावरून जास्त जात असेल किंवा पाळी गेल्यावर पोट वाढत असेल, तर ती बाई डॉक्टरला दाखविण्यासारखी आहे. हे आपल्या घरातल्या आई, मावशी, वहिनीपासून सुरू करावे, कारण शिकलेल्या घरांतही बाईचे दुखणे सर्वांत शेवटी निघते. दहावीच्या वर्गात शरीरशास्त्राचा धडा शिकविताना अंडाशय हा शब्द घाईने ओलांडला जातो. तो न ओलांडणारा शिक्षक न कळत एखादे आयुष्य वाचवील.

वृत्तपत्रांनीही थोडा विचार करावा. तबकातल्या गाठीचे छायाचित्र छापण्याऐवजी ती बाई किती वर्षांनी, कोठून, कोणत्या कारणाने उशिरा आली, हे तिचे नाव-गाव गुप्त राखून चार ओळींत छापले, तर बातमी वाचणाऱ्या दुसऱ्या एखादीला आपले पोट आठवेल. दहा किलोंची गाठ यशस्वीपणे काढली ही बातमी अभिमानाची आहे. परंतु या जिल्ह्याच्या आरोग्याची खरी प्रगती ज्या दिवशी होईल, त्या दिवशी अशा बातम्या येणेच थांबलेले असेल. अर्ध्या किलोची गाठ तालुक्याच्या दवाखान्यात निघेल, बाई दोन दिवसांत घरी जाईल, आणि छापण्याजोगे काहीच घडलेले नसेल.